ट्रंकेपलीकडचे किसुनजी

काठमांडूत तीन वर्षं नोकरी करून परतलो, तेव्हापासून कुणी ना कुणी विचारतंच, "ते पत्र्याच्या ट्रंकेवाले पंतप्रधान खरे का हो?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

खरे. कृष्णप्रसाद भट्टराई, तिथल्या लोकांच्या तोंडी किसुनजी. लग्न केलं नाही, चौदाएक वर्षं तुरुंगात काढली. पत्र्याची ट्रंक, छत्री आणि सुरई घेऊन बालुवाटारच्या पंतप्रधान निवासात आले आणि तेवढंच उचलून बाहेर पडले, असं काठमांडूत कुणीही सांगेल. पण या गोष्टीचा मला अलीकडे कंटाळा येतो. "असे नेते आता कुठे राहिलेत" म्हणत आपण चहा संपवतो, आणि तो माणूस त्या ट्रंकेतच राहून जातो.

मला त्यांची आठवण येते ती निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी. १९९० साली जनआंदोलनाने राजाच्या हाती सत्ता ठेवणारी पक्षविरहित 'पंचायत' राजवट मोडली. पंतप्रधानपद चालून आलं होतं किसुनजींच्याच पक्षाचे, म्हणजे नेपाळी काँग्रेसचे, नेते गणेशमान सिंहांकडे. त्यांनी नकार देऊन किसुनजींचं नाव पुढे केलं. हंगामी सरकारात काँग्रेसवाले, डावे आणि राजाची माणसं एकाच टेबलाशी! कामं दोनच, राज्यघटना आणि निवडणूक. घटनेवरून राजवाड्याशी बरीच ओढाताण झाली, तरी ९ नोव्हेंबर १९९० ला ती जाहीर झाली. पुढे १२ मे १९९१ ला मतदान. नेपाळी काँग्रेसला २०५ पैकी ११० जागा मिळाल्या, आणि ज्यांच्या सरकारने ही निवडणूक घेतली ते पंतप्रधान स्वतः काठमांडूत पडले, एमाले या कम्युनिस्ट पक्षाच्या मदन भंडारींकडून. सरकार हातात, मतदारसंघ राजधानीतला, तरी पडले. खुर्ची त्यांच्याच पक्षाच्या गिरिजाप्रसाद कोइरालांकडे गेली. आपल्याकडे हंगामी मुख्यमंत्री सरकारी बंगला किती दिवसांत सोडतात ते आठवून पाहा.

१९९३ मध्ये भंडारी अपघातात गेले. त्याच जागेच्या पोटनिवडणुकीत किसुनजी पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले, या वेळी भंडारींच्या पत्नी विद्या यांच्याकडून. त्याच पुढे राष्ट्रपती झाल्या. या पराभवात स्वपक्षातल्याच गटाने पाय ओढल्याचा आरोप तेव्हा झाला होता.

१९९९ मध्ये पर्सा जिल्ह्यातून निवडून येऊन ते परत पंतप्रधान झाले, पण दहा महिन्यांच्या आत पक्षानेच उतरवलं. त्या कारकिर्दीचं कौतुक करावं असं मला फारसं काही सापडत नाही.

आणि २००७ मध्ये काँग्रेसने गणराज्य मान्य केलं तेव्हा हा पक्षाच्या संस्थापकांपैकी एक पक्षच सोडून बाहेर पडला. राजाच्या तुरुंगात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला घटनात्मक राजा हवासा वाटत होता. इथे मला ते पटत नाहीत. ४ मार्च २०११ ला वारले तेव्हाही त्यांचं मत तेच होतं, आणि माझंही अजून तेच आहे.