कमरेच्या मापाचा चामडी पट्टा : आधी फूटपट्टी, मग रापी

हाताने करायच्या चामडी वस्तूंत कमरेचा पट्टा सगळ्यात सोपा समजतात. एक लांब पट्टी, एक बकल, पाच भोकं, संपलं. पाकिटासारखे सात-आठ तुकडे जुळवायचे नाहीत की बॅगेसारखे कोपरे वळवायचे नाहीत. माझं मत उलट झालंय. पाकिटात चूक झाली तर तळहाताएवढा तुकडा जातो. पट्ट्यात चूक झाली तर सव्वा मीटर सलग चामडं जातं, आणि ती चूक बहुतेक वेळा रापी (चामडं कापायची सुरी) हातात घ्यायच्या आधीच झालेली असते.

सुरुवात मापापासून. ज्याच्यासाठी पट्टा करायचा त्याला "कंबर किती?" असं विचारण्यात अर्थ नाही, तो पॅंटचा नंबर सांगणार. ३४ नंबरच्या पॅंटला टेप लावली तर अनेकदा ३६ भरते, शिवाय पट्टा बसतो तो पॅंटच्या बाहेरून, खोचलेल्या शर्टासकट. त्यामुळे मी त्याचा रोज वापरातला जुना पट्टाच मागून घेतो. रोजचं भोक ओढून ओढून लांबट झालेलं असतं, ते विचारावं लागत नाही. पट्टा सपाट अंथरायचा आणि बकलच्या चौकटीवर काट्याचं टोक जिथे टेकतं तिथल्या आतल्या कडेपासून त्या भोकापर्यंत मोजायचं. हा खरा वेढा.

बकल मापात का धरायचं? पट्टा आवळला की ताणाने भोक काट्यावरून सरकत चौकटीच्या पुढच्या कडेला जाऊन अडकतं. म्हणजे बकलची लांबीही कमरेभोवती फिरलेली असते. जुन्या बकलची लांबी २५ मिमी आणि नव्याची ४० मिमी असेल, आणि चामडं मात्र जुन्याइतकंच कापलं असेल, तर नवा पट्टा १५ मिमी सैल बसतो. तेव्हा वेढ्यातून नव्या बकलची लांबी (चामडं जिच्याभोवती दुमडतं त्या दांडीपासून चौकटीच्या पुढच्या आतल्या कडेपर्यंत) वजा करायची. उरतं ते दुमडीच्या रेघेपासून मधल्या भोकापर्यंतचं अंतर.

आकड्यांत सांगतो. वेढा ९५५ मिमी, नवं बकल ४० मिमी, तर दुमडीपासून मधलं भोक ९१५ वर. बकलकडे दुमडून मागे घ्यायला ७५. मधल्या भोकापुढे २५-२५ मिमीवर आणखी दोन भोकं, म्हणजे ५०. शेवटच्या भोकापुढे टोक ११०. एकूण ११५० मिमी. टोक ९० पेक्षा आखूड ठेवलं तर ते पट्ट्याच्या स्वतःच्या लूपमधून (टोक अडकवायच्या चामडी कडीतून) सुटून येतं, १५० च्या पुढे गेलं तर पॅंटच्या दुसऱ्या लूपपलीकडे लोंबतं. बकल आधी हातात असल्याशिवाय चामड्यावर रेघ मारायची नाही, हा नियम मी दोन पट्टे वाया घालवून केलेला आहे.

रुंदी पॅंटच्या लूपवरून ठरते. जीन्सला ३८ मिमी, फॉर्मलला ३२ ते ३५. बकलची आतली रुंदी पट्टीपेक्षा एक-दोन मिमी जास्तच हवी. तंतोतंत घेतली तर रंग आणि मेण चढल्यावर कडा घासतात आणि आठवड्यात त्यांची चकाकी जाते.

आता चामडं. एकेरी, म्हणजे एकाच थराच्या, पट्ट्याला ३.५ ते ४ मिमी जाडी लागते आणि ते वनस्पतीजन्य कमावणीचं, म्हणजे व्हेज-टॅन, असावं लागतं. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्यातल्या टॅनिनने कमावलेलं. जॅकेट, पर्स, सोफ्यांना वापरतात ते क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) चामडं मऊ आणि लवचिक असतं. त्याचा एकेरी पट्टा ताणत जातो, आणि त्याच्या कडा कितीही घासल्या तरी चकाकत नाहीत. दुकानदार दोन्हीला "ओरिजनल लेदर" म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. म्हणून ओळख आपणच पटवायची. कापलेली कड बघायची: क्रोम न रंगवलेलं असेल तर आतून निळसर-राखी दिसतं, व्हेज-टॅन आतून बदामी किंवा तपकिरी. मग बोट ओलं करून वरच्या बाजूला टेकवायचं. व्हेज-टॅन पाणी पिऊन तिथे लगेच गडद होतं. वर लॅकर मारलेलं असेल तर ही दुसरी खूण चालत नाही, कडेवरच विसंबायचं.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे जाड चामडं मागितलं की बहुधा म्हशीचं पुढे येतं. त्याचा दाणा (वरच्या पृष्ठाचा पोत) गायीच्या चामड्यापेक्षा भरड, पण पट्ट्याला त्याने काही बिघडत नाही, उलट मला तो दाणा आवडतो. मुंबईत धारावी आणि कोल्हापुरात चपलांच्या कारागिरांचा भाग ही शोध सुरू करायच्या जागा. एक सावधगिरी: चपलेच्या तळाचं कातडं जाड आणि स्वस्त दिसतं म्हणून पट्ट्याला उचलू नये. ते कडक करण्यासाठीच कमावलेलं आणि दाबलेलं असतं, त्यात तेल कमी असतं. बकलपाशी दुमडलं की वरचा थर तडकतो.

चामडं चौरस फुटावर विकतात. ३८ मिमी रुंद आणि ११५० मिमी लांब पट्टी जेमतेम अर्धा चौरस फूट भरते, पण अर्धा चौरस फूट घेऊन पट्टा होत नाही, कारण लांबी सलग हवी. पट्टी पाठीच्या कण्याला समांतर, पाठीच्या बाजूने निघावी. पोटाकडचं चामडं सैल तंतूंचं असतं. दुमडून बघा: पाठीकडे बारीक, घट्ट सुरकुत्या येतात, पोटाकडे ढिली, फुगीर वळी पडते. एकच पट्टी अर्धी पाठीवर आणि अर्धी पोटावर गेली तर ती महिन्याभरात केळ्यासारखी वाकते, कारण एक कड दुसरीपेक्षा जास्त ताणली जाते. हे नंतर कशानेही सरळ होत नाही.

कापायला एक मीटरची स्टीलपट्टी पुरत नाही. पट्टी सरकवून पुढचं कापायला गेलं की जोडावर हमखास खाच पडते. मी अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांच्या दुकानातून पाच फुटी चौकोनी सेक्शन आणला. तो जड, सरळ आहे आणि क्लॅम्पने दोन्ही टोकांना पकडता येतो. पहिली सरळ कड एका दमात कापायची नाही, तीन हलक्या फेऱ्या मारायच्या. पहिली फक्त रेघ पाडायला, दुसरी अर्ध्या जाडीपर्यंत, तिसरी आरपार. जोर लावला की पातं खाली कलतं आणि कड तिरकी कापली जाते. वरून ३८ आणि खालून ३६ असा पट्टा मिळतो. रापीला धार आहे का हे चामड्याच्या कचऱ्यावर बघायचं: कापताना करकर आवाज आला तर नाही.

लोखंडाबद्दल इथेच सांगतो, कारण पहिल्या वेळी कोणी सांगत नाही. व्हेज-टॅन चामडं ओलं असताना त्याला लोखंड लागलं की टॅनिन आणि लोह मिळून निळा-काळा डाग पडतो. धार लावल्यावर पात्यावर राहिलेली बारीक भुकटी, गंजका हातोडा, घामेजल्या हाताला लागलेला कीस, एवढं पुरतं. ताजा डाग लिंबाच्या रसाने बराच उतरतो, मग तो भाग साध्या पाण्याने पुसून घ्यायचा. जुना उतरत नाही. याचीच उलट बाजू अशी की व्हिनेगरमध्ये लोखंडी कीस आठ-दहा दिवस भिजवून गाळलेलं पाणी लावलं तर चामडं आतपर्यंत काळं होतं आणि तो काळा रंग शर्टाला लागत नाही. नंतर चिमूटभर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं आणि तेल जरा जास्त द्यायचं, कारण चामडं रखरखीत होतं.

बकलकडचं टोक हे या कामातलं सगळ्यात नाजूक. ३.५ मिमीचं चामडं दुमडलं की ७ मिमी होतं आणि पोटाला टोचतं. म्हणून मागे जाणारे ७५ मिमी आतल्या खरबरीत बाजूने छिलून पातळ करायचे, टोकाला दीड-पावणेदोन मिमीपर्यंत. पण प्रत्यक्ष दुमडीच्या रेघेवर अडीच मिमीच्या खाली जायचं नाही. तिथे रोजचा सगळा ताण येतो. रापी आडवी, जवळजवळ चामड्यावर निजलेली धरून लांब, पातळ कपच्या काढायच्या. कपची जाड निघायला लागली की थांबून धार लावायची.

काट्यासाठी खाच करायची ती २५ मिमी लांब, ५ मिमी रुंद, तिचा मध्य बरोबर दुमडीच्या रेघेवर. दोन टोकांना ५ मिमीच्या पंचाने गोल भोकं पाडायची आणि त्यांच्या मधलं चामडं दोन सरळ रेघांनी कापून काढायचं. रापीने नुसती चौकोनी खाच कापली तर ती कोपऱ्यातून फाटत जाते. गोल टोकाला फाटायला सुरुवातच मिळत नाही. भोकांसाठीही तेच. पंचखाली नायलॉनचा पोळपाटासारखा जाड तुकडा किंवा लाकडाचा ठोकळा ठेवायचा, लोखंड किंवा फरशी नाही, नाहीतर पंचची धार एका घावात जाते. ठोकायला लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा. काटा ४ मिमीचा असेल तर भोक साडेचार.

दुमडायच्या आधी तो भाग स्पंजने दोन्हीकडून ओला करायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. पाणी आत मुरून वरचा रंग परत फिकट व्हायला लागला की दुमडायचं. कोरडं दुमडलं की दाणा फुटतो, लथपथ असताना दुमडलं की बोटांचे ठसे उमटतात.

लूपची पट्टी १२ मिमी रुंद आणि २ मिमी जाड. लांबी हिशोबाने काढू नका. पट्ट्याचे दोन थर एकमेकांवर ठेवून कागदाची पट्टी गुंडाळा आणि त्यात ३ मिमी ढील धरा. तिची दोन्ही टोकं दुमडीच्या थरांत अडकतात.

शिलाई दोन सुयांची, दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक. कडेपासून ४ मिमी आत रेघ, ४ मिमी अंतराचे टाके, ०.८ मिमीचा मेणाचा पॉलिस्टर दोरा, बोथट टोकाच्या सुया. एका कडेच्या साधारण ६० मिमी शिलाईला अर्धा मीटर दोरा पुरतो. दातेरी पंच दोन्ही थरांतून एकदम आरपार मारायचा मोह टाळा; मागची ओळ हमखास वाकडी निघते. वरच्या थरावर खुणा पाडून आरीने (चांभारी टोचणीने) एकेक भोक उघडायचं, आरी चामड्याला काटकोनात. प्रत्येक टाक्यात तीच सुई आधी आणि दुसरी नेहमी तिच्या त्याच बाजूने. एकदा क्रम उलटला की तेवढा एक टाका आडवा दिसतो आणि मग तोच दिसत राहतो. बकल पुढे बदलायचं असेल तर शिलाईऐवजी शिकागो स्क्रूच्या (एकमेकांत आट्यांनी बसणाऱ्या दोन भागांच्या स्क्रूच्या) दोन जोड्या लावता येतात. आट्यांना नेलपॉलिशचा थेंब लावला नाही तर ते चालता चालता गळून पडतात.

रंग भोकं आणि शिलाईच्या आधी द्यायचा. स्पिरिटचा रंग एकदम गडद बसतो आणि फटके दिसतात, म्हणून तो निम्मा पातळ करून दोन-तीन हात. वाळल्यावर पांढऱ्या फडक्याने पुसत राहायचं, फडकं कोरं निघेपर्यंत. आतली बाजू मी रंगवतच नाही. घामाने तीच शर्टाला लागते. तेल चमचाभर पुरतं, दोन पातळ हातांत. जास्त दिलं की पट्टा लिबलिबीत होऊन ताणतो. खोबरेल नको, थंडीत थिजून पांढरट दिसतं.

कडा चकाकवायला बाहेरून मागवलेली जेल चांगली असते, पण किराणा दुकानातला डिंक कतिराही काम देतो: ३ ग्रॅम २०० मिली पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा, तीन-चार दिवसांत संपवायचा. कडेचे कोपरे आधी बेव्हलरने (कडेचा कोपरा तासायच्या हत्याराने) मारून, २२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून, मग बोटाने कतिरा लावायचा आणि जाड सुती कापडाने भराभर घासायचं. घर्षणाची उष्णता जाणवली पाहिजे. कड आधी चिकट, मग गुळगुळीत, मग काचेसारखी होते. मऊ पडून चुरगळायला लागली तर कतिरा जास्त झालाय. वाळू द्या आणि परत पेपर मारा.

जून ते सप्टेंबर हे काम शक्यतो टाळावं, निदान कोकणपट्टीत. एरवी एका दिवसात वाळणारा रंग तेव्हा तीन दिवस घेतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या पट्ट्यावर आठवड्यात पांढरी बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून हवेशीर टांगायचा.

एकेरी पट्टा पहिल्या एक-दोन महिन्यांत थोडा वाढतोच, चांगल्या पाठीचा असला तरी. म्हणून देताना मधल्या भोकात किंचित घट्ट बसेल असाच द्यायचा, आणि कापताना उरलेली हातभर पट्टी फेकायची नाही. कुणी सहाव्या भोकासाठी परत आलं की पंच आधी तिच्यावर मारून बघता येतो.