पत्र्यावरचा पाऊस आणि कानातलं मशीन

आज दिवसभर नुसता पाऊस. कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याचे मेसेज सकाळपासून चालू होते, आणि दुपारी आमच्या चौथीच्या वर्गाच्या पत्र्यावर असा काही कोसळला की माझा आवाज मलाच ऐकू येईना. पोरं खूश, गणित बुडालं म्हणून. वर्गातल्या एका कर्णबधिर पोरीने मात्र दोन्ही कानांतली मशीनं काढली, बटण बंद केलं, रुमालात गुंडाळून कंपासपेटीत ठेवली आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

लोकांना वाटतं कानाला मशीन लावलं म्हणजे चष्मा लावल्यासारखं, झालं काम. तसं नसतं ओ. मशीन सगळंच मोठं करतं, माझं बोलणं, पंख्याची घरघर, बाक ओढल्याचा आवाज, शेजारच्या वर्गातले पाढे आणि पत्र्यावरचा पाऊस पण. त्यातून बाईंचं वाक्य तेवढं वेगळं काढायचं काम तिच्या मेंदूला करावं लागतं, आणि ते करून करून ही पोरगी चौथ्या तासाला दमलेली असते. वर पावसाळ्यात मशीनच्या नळीत दमटपणाने पाणी धरतं, म्हणून तिची आई रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवते. कान वाढतो तसा मशीनचा कानात बसणारा साचा सैल होतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं, मग सगळा वर्ग वळून बघतो. नवा साचा करायचा म्हणजे परत खर्च, परत एक दिवसाची मजुरी बुडाली.

तिला ओठ वाचता येतात हे खरं आहे, पण ओठांवर सगळं दिसत नाही. पाप, बाप, माप हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा, तिन्ही एकच दिसतात. क, ख, ग तर घशातच राहतात. परवा शुद्धलेखनात मी बाप सांगितलं आणि तिच्या वहीत माप आलं, मी ते बरोबर धरलं कारण तिला दिसलं ते तिने अगदी बरोबर लिहिलं होतं. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलला की तिचं वाक्य तिथंच संपलं. एवढं तरी प्रत्येक शिक्षकाने सांभाळायला पाहिजे, त्याला पैसे लागत नाहीत आणि जीआर पण लागत नाही.

माझ्याच वर्गात एक पोरगा आहे, सेरेब्रल पाल्सीचा, वॉकर घेऊन चालतो. त्याच्यासाठी वर्ग खालच्या पत्र्याच्या खोलीत घेतला, रॅम्प झाला, संडासात धरायला दांडी बसवली. आणि खरंच सांगते, तो आता वर्गात पुरता मुरलाय. डबा खाताना फुटबॉलच्या संघांत पाटाकडील भारी का शिवाजी भारी यावर जी भांडणं चालतात त्यात सगळ्यात मोठा आवाज याचाच. कोल्हापूरला ही गोष्ट कळते. नसीमादीदी हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर बसून हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था उभी केली, त्यांचं काम या गावाने वर्षानुवर्षं बघितलंय, त्यामुळे रॅम्प मागायला गेलं तर निदान कशाला पाहिजे असं कोणी विचारत नाही.

पण तिचं काय? त्याच भांडणात ती शेजारी बसलेली असते आणि पाच जण एकदम बोलत असतात, कोणाच्या तोंडाकडे बघायचं? ती एकाकडे बघेपर्यंत दुसऱ्याचं बोलून झालेलं असतं. सगळे हसले की ती पण हसते, अर्ध्या सेकंदाने उशिरा. मला ते हसणं बघवत नाही. पुस्तकातलं मी तिला परत समजावून सांगू शकते, फळ्यावर लिहू शकते, चित्र दाखवू शकते, पण कोणी कोणाला काय चिडवलं, उद्या कोण काय आणणार, कोणाच्या घरी मांजर व्यालं, हे सगळं पोरं कानावर पडून शिकतात आणि तिच्या कानावर ते पडतच नाही. रोज शाळेत येणारं मूल आणि तरी एकटं. यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या फॉर्ममध्ये मात्र ती भरली गेली, की झाला समावेश!

शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, आज हाच विषय निघाला आणि मी बोलले. मला म्हणायचं होतं ते एवढंच की सगळ्या दिव्यांग मुलांना एकाच मापाचा उपाय चालत नाही. चालता न येणाऱ्या मुलाच्या वाटेतली पायरी काढा, ते मूल बाकीच्यांत मिसळतं. कर्णबधिर मुलाच्या वाटेत पायरी नसते, त्याला भाषाच पोचलेली नसते. त्याला सांकेतिक भाषा पाहिजे, ती येणारी माणसं पाहिजेत, आणि त्याच्यासारखी अजून मुलं पाहिजेत. एका शाळेत एक, दुसऱ्या शाळेत एक असं विखरून टाकण्यापेक्षा भागातली चार-पाच मुलं एका चांगल्या शाळेत आणा आणि तिथे सांकेतिक भाषा येणारा शिक्षक कायमचा द्या. आता फिरते विशेष शिक्षक येतात, जीव तोडून काम करतात, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा असतात की ते आले आणि गेले.

हे मी मनाचं सांगत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे की अंध आणि कर्णबधिर मुलांना त्यांच्यासाठी सगळ्यात योग्य त्या भाषेत आणि पद्धतीने शिकवायचं, आणि सांकेतिक भाषा, ब्रेल येणारे शिक्षक नेमायचे. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे चाळीस टक्के किंवा त्याच्या वर, असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीने. पसंती त्या घराची, ऑफिसची नाही. काही जणांना पटलं, काही जण घड्याळ बघत होते.

तिच्या आईशी संध्याकाळी गेटवर बोलणं झालं. पोरगी लहान असल्यापासून आईला कोणीतरी सांगून ठेवलंय की खुणा केल्या तर पोरगी बोलायची नाही. "बाई, घरात लई हात हलवती, मी धरून ठेवती तिचं हात." ऐकून पोटात गोळा आला. ही भीती काही हिची एकटीची नाही, 1880 मध्ये इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणा बंद, फक्त बोलणं असा ठराव झाला, तो अख्ख्या जगाच्या मानगुटीवर बसला. 2010 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला झालेल्या तशाच परिषदेत ते ठराव नाकारले, झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला, पण ती बातमी आमच्या पेठेपर्यंत कोणी आणली नाही. मी तिला म्हटलं, हात धरू नका, बोलणं पण चालू ठेवा, खुणा पण चालू ठेवा, एकीने दुसरी मरत नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मग आमी कुठं शिकायच्या ह्या खुणा?

बरोबर प्रश्न. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आहे, 10,000 शब्दांचा, साइन लर्न नावाचं अ‍ॅप पण आहे, ते तिच्या मोबाइलवर तिथंच टाकून दिलं. पण अ‍ॅपवरून शब्द मिळतात, गप्पा मारायला माणूस लागतो. आमच्या ओळखीतला एक तरुण आहे, जन्मापासून कर्णबधिर, हुपरीला चांदीचं काम करतो, त्याला विचारलं आणि तो या शनिवारी वर्गावर यायला तयार झालाय. दप्तर नसतं त्या दिवशी, सगळ्या वर्गालाच शिकवायचं ठरलंय, फक्त तिला नाही. एकटीला शिकवून ती बोलणार कोणाशी? मुख्याध्यापक सर हो म्हणाले. पोरांना सांगितलं तर पहिला प्रश्न काय, बाई पाटाकडीलला खूण काय हाय, आणि ती त्यांच्याकडे बघत होती तर वॉकरवाल्याने तिच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं काय चाललंय ते.

आईला पण बोलावलंय. वडलांची शनिवारी शिरोलीला पहिली शिफ्ट आहे, पण ते रजा टाकतो म्हणालेत.