रोमरची बावीस मिनिटं आणि जांबोटीचं आभाळ

प्रकाशाला एका जागेहून दुसऱ्या जागी जायला वेळ लागतो, हे हिशोबाने दाखवणारा पहिला माणूस डेन्मार्कचा ओले रोमर (1644–1710). 1671 मध्ये फ्रेंच खगोलज्ञ पिकार, पूर्वी डॅनिश खगोलज्ञ टायको ब्राहेची वेधशाळा जिथे होती त्या व्हेन बेटावर आले, तेव्हा रोमर त्यांचा मदतनीस होता. काम रेखांश काढायचं. गुरूचा चंद्र आयो सावलीत शिरतो तो क्षण पॅरिसला आणि व्हेनला एकच, फक्त स्थानिक घड्याळं वेगळी. 4 मिनिटांचा फरक म्हणजे 1 अंश. बेळगाव साधारण 74.5 अंशांवर, आपली प्रमाणवेळ 82.5 ची, म्हणून इथली स्थानिक वेळ 32 मिनिटं मागे.

पुढे पॅरिसला त्याला दिसलं की पृथ्वी गुरूपासून लांब जात असताना ग्रहणं उशिरा होतात. आयोच्या एका फेरीत हा उशीर फार तर 15 सेकंद, म्हणजे त्या काळच्या घड्याळात बुडून जाणारा. पण 40 फेऱ्यांचा साचला की लपत नाही. 9 नोव्हेंबर 1676 ला आयो 10 मिनिटं उशिरा बाहेर येईल, हे त्याने आधीच सांगून टाकलं. पृथ्वीची कक्षा आरपार जायला प्रकाशाला 22 मिनिटं, असा त्याचा आकडा. खरा साडेसोळाच्या थोडा वर. पॅरिस वेधशाळेचा खगोलज्ञ कॅसिनी, त्याला काही ते पटलं नाही.

1681 ला कोपनहेगनला परतल्यावर वजनंमापं, कॅलेंडर, अगदी पोलिसप्रमुखपदसुद्धा! त्याच्या वेधांच्या वह्या मात्र 1728 च्या आगीत बहुतेक जळाल्या.

हे आपल्याकडे करून बघता येतं. 70–80 मिलिमीटरची दुर्बीण, 80 पट वर्धन, पक्का स्टँड. शहरातही जमतं, बेळगावजवळच्या जांबोटीकडे जास्त सुख. प्रतियुतीआधी (प्रतियुती म्हणजे पृथ्वीवरून गुरू सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो तो दिवस) आयो सावलीत शिरताना दिसतो, नंतर फक्त बाहेर येताना. प्रतियुतीनंतर थोड्या दिवसांनी एक वेळ नोंदवा, त्यात 42 तास 28 मिनिटं 36 सेकंदांच्या पन्नासेक फेऱ्या मिळवा आणि आलेल्या वेळेशी प्रत्यक्ष वेळ ताडून बघा. जून उजाडला की पावसाळी ढग, मग विसरा.

मोबाईल ॲपच्या वेळेशी ताडून काहीच हाती लागणार नाही; त्यात प्रकाशाचा उशीर आधीच धरलेला असतो. आयो हळूहळू उजळतो, त्यामुळे पहिला ठिपका दिसला तीच वेळ धरायची, दुर्बीण दर वेळी तीच. आणि गुरू स्वतः लंबवर्तुळात कमीजास्त वेगाने फिरतो, त्यानेही काही मिनिटं इकडेतिकडे होतात. ती वजा केल्याशिवाय उरलेला सगळा उशीर प्रकाशाच्या नावावर टाकू नका.