पद्मिनी: नाइलाजाने टिकलेली गाडी

जुन्या मोटारींचा विषय निघाला की बोलणे हटकून संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसपाशी जाऊन पोहोचते. माझा जीव मात्र प्रीमियर पद्मिनीत अडकलेला आहे. वडिलांची १९७५ सालची पद्मिनी आजही आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ या गाड्यांची जुळणी होत असे, आणि पन्नासच्या दशकात इटलीची फियाट आली. गोलमटोल अंगाच्या जुन्या फियाट ११००ला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. नाव कुरूप असले तरी आज जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये तिचा मान पद्मिनीपेक्षा मोठा आहे. पुढे १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ व मग ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तसेच राहिले. बदलले ते मुख्यतः नाव.

इटलीत हे मॉडेल १९६६ मध्येच बंद झाले, पण आपल्याकडे ते साधारण २००० पर्यंत बनत होते. ही गाडीची थोरवी होती, असे मी म्हणणार नाही. परवाना पद्धतीमुळे किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत असे, परदेशी गाड्यांची वाट जवळजवळ बंद होती, आणि पैसे भरूनही ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा बाजारात नवे मॉडेल काढण्याची निकड कंपनीला वाटावी तरी कशाला? १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली, तेव्हा पद्मिनीचे वय सर्वांच्या डोळ्यांत भरले.

तरीही त्या साचलेल्या काळाचा एक फायदा झाला. एकच यंत्र इतकी वर्षे रस्त्यावर राहिल्याने त्याची विद्या गावोगावच्या मेकॅनिकच्या हातात मुरली. पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर खोलून साफ करणे किंवा ठिणगीचे पॉइंट घासून गाडी चालू करणे, यासाठी कोणत्याही संगणकाची गरज नसे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती इतकी वर्षे चालवली, त्यामागे हेच गणित होते. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने, २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदवलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीला ‘विंटेज’ गाडी म्हणून ‘व्हीए’ या क्रमांक-मालिकेत नोंदणी मिळू शकते. शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. अट एवढीच, की चॅसी, बाहेरची बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आमचे घोडे नेमके इथेच अडले. पेट्रोल परवडेना म्हणून वडिलांनी नव्वदच्या दशकात गाडीत डिझेल इंजिन बसवून घेतले आणि मूळचे इंजिन भंगारात दिले. त्या काळी नातेवाइकांनी त्यांच्या व्यवहारीपणाचे कौतुक केले होते. आज मी तसेच १०८९ सीसीचे इंजिन शोधत एकेक भंगारवाला पालथा घालतो आहे, आणि ते मिळाले तरी त्याच्यावरचा क्रमांक आमच्या आरसी पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळणार नाही.