तुम्ही विचारलंत म्हणून: तब्येत अशी असताना लॉ झेपेल का?

"वय एकवीस, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. लॉ करायचं मनात आहे, पण मला फिट्स येतात. घरचे म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे, कोर्टकचेरी तुला झेपायची नाही. खरंच नाही झेपणार का?" फिट्सच्या जागी कधी मायग्रेन असतं, कधी टाइप वन डायबेटीस, कधी पॅनिक अटॅक. बाकी प्रश्न तोच.

नुसतं आजाराचं नाव ऐकून याचं उत्तर देता येत नाही. दिवसातले कुठले तास तो आजार खातो, ते कळलं तर देता येतं. सकाळ वाईट जाते की संध्याकाळ? जेवणाची वेळ चुकली तर काय होतं? एक रात्र जागलं तर? लॉ म्हणजे आधी प्रवेश परीक्षा, मग पदवी आणि मग काम. पहिल्या दोन्हीचं ओझं आकड्यांत मोजता येतं. तिसरं तुम्ही निवडता, आणि लोक तिथेच चुकतात.

एक भीती आधीच काढून टाकू. "आजार आहे म्हणून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नाकारतील का?" अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४-अ मध्ये सनद कुणाला नाकारायची ते दिलंय: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली, अस्पृश्यताविषयक गुन्ह्यात शिक्षा झालेली, किंवा अशाच कारणावरून सरकारी नोकरीतून काढलेली व्यक्ती. आजाराचा तिथे उल्लेख नाही. गोळ्या चालू आहेत, मानसोपचार चालू आहेत, यानं सनद अडत नाही.

प्रवेश परीक्षेचं थोडक्यात. महाराष्ट्रातली लॉ सीईटी संगणकावर होते: १२० प्रश्न, दोन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट कागदावर होते: तिचेही १२० प्रश्न आणि दोनच तास, पण चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो आणि सगळे प्रश्न उताऱ्यांवर. एकेक उतारा साडेचारशे शब्दांच्या आसपास. मायग्रेनवाल्यांनी हा फरक बघून ठरवावं. स्क्रीनचा त्रास असेल तर सीईटीच्या सरावातली निदान पाच-सहा पूर्ण मॉक स्क्रीनवरच द्या, छापील प्रश्नसंचावर भागवू नका. डोकं धरलेल्या दिवशीही सीईटीत १२० च्या १२० प्रश्नांना काहीतरी उत्तर टिक करून येता येतं. क्लॅटमध्ये तसं केलं तर गुण कापले जातात.

जादा वेळेबद्दल गैरसमज फार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मानसिक आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस, सिकल सेल, हिमोफिलिया हे त्यात आहेत. मधुमेह नाही आणि अपस्माराचंही नाव नाही. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ४० टक्के किंवा जास्त असेल तर राखीव जागेचा आणि तासाला २० मिनिटं जादा वेळेचा विचार करा. म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. लिहिताना हात साथ देत नाही पण टक्केवारी ४० च्या खाली आहे, अशांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार निकाल महत्त्वाचा: लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पण ही मागणी अर्ज भरतानाच करायची असते. हॉलमध्ये पर्यवेक्षकाला फाईल दाखवून काही होत नाही, त्याच्या हातात तो अधिकारच नसतो.

आता हजेरी. आजारी विद्यार्थ्यांची गाडी अडते ती बहुतेक इथेच.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते, आणि त्यात मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटुपुटीचा खटला), ट्युटोरियल, प्रात्यक्षिकं सगळं धरलेलं असतं. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य एखाद्या विषयात ६५ टक्क्यांवर परीक्षेला बसू देऊ शकतात, पण सगळ्या विषयांची मिळून हजेरी तेव्हाही ७० हवी. नीट बघा: मेडिकल सर्टिफिकेट दिलं की गैरहजेरीची हजेरी होते असं या नियमात कुठेही नाही. सर्टिफिकेटनं मिळते ती फार तर पाच टक्क्यांची सवलत, आणि तीही प्राचार्यांच्या मर्जीवर.

गणित करू. आठवड्याला चार लेक्चर, पंधरा आठवडे, म्हणजे विषयाला ६० लेक्चर. ७० टक्के म्हणजे ४२. बुडवायला १८ उरली. ऐकायला भरपूर वाटतात. आता त्या चारांपैकी दोन सकाळी आठची आहेत आणि तुमच्या रात्रीच्या गोळीनं सकाळी डोळा उघडत नाही असं धरा. दोनातलं एक बुडतं, म्हणजे सत्रात १५ गेली. मध्येच एक आठवडा तापात गेला. त्यातली चार बुडाली, पण एक आधीच मोजलेलं, म्हणून आणखी तीन. झाली अठरा. म्हणजे ज्या आजारानं प्रवेश घेताना तुम्हाला घाबरवलं होतं त्याचा एकही मोठा झटका न येता तुम्ही काठावर आलात. बाकीच्या विषयांत हजेरी ८५ असेल, पण या एकात अडकलात.

म्हणून वेळापत्रक लागलं की पहिल्याच आठवड्यात बघा, पहिल्या तासाला कुठला विषय वारंवार येतोय. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना तेव्हाच विचारा, सत्राच्या शेवटी नाही. आणि आपल्या मनानं तर अजिबात बदलू नका. कॉलेज निवडतानाही सकाळचं की दुपारचं, हा प्रश्न कॉलेजच्या नावाइतकाच मोठा आहे.

दिल्ली उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हटलं की हजेरी कमी म्हणून लॉच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, आणि बार कौन्सिलला निकषांचा फेरविचार करायला सांगितलं. निकाल चांगला आहे. पण त्याच्या भरवशावर सत्र काढू नका. तुमच्या कॉलेजचा क्लार्क टक्केवारी बघतो, निकालपत्र नाही.

सर्टिफिकेटची चूक ठरलेली असते: सत्र संपताना, एकाच तारखेचं, तीन महिन्यांचं. त्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. त्याऐवजी प्रवेश झाल्या झाल्या प्राचार्यांना एक पानी अर्ज द्या: आजार काय, उपचार कुठे चालू, अचानक काय होऊ शकतं, तेव्हा काय करायचं. सोबत तज्ज्ञ डॉक्टरांचं पत्र, त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक. आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन प्रत स्वतःकडे ठेवा. पुढे प्रत्येक वेळी त्याच आठवड्यात, तेवढ्याच दिवसांचा कागद. महिन्याला एकदा कार्यालयात जाऊन स्वतःची टक्केवारी विचारायची. लाजायचं कारण नाही, शेवटी तोच क्लार्क तुम्हाला आधी सावध करतो.

अभ्यासक्रमात इंटर्नशिपही सक्तीची आहे: तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २०, आणि एका शैक्षणिक वर्षात सलग चारापेक्षा जास्त नाही. ही अट तब्येत सांभाळणाऱ्यांच्या पथ्यावर पडते, कारण काम तुकड्या-तुकड्यानं करून बघता येतं. पहिले चार आठवडे खालच्या कोर्टात एखाद्या वकिलाकडे, दुसरे चार कंपनीच्या लीगल विभागात, तिसरे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. तिन्ही एकाच सीनिअरकडे उरकून सही घेणारे पुष्कळ असतात, पण मग कुठलं काम आपल्याला मानवतं हे सनद मिळाल्यावर कळतं.

कोर्टाचा दिवस बाहेरून दिसतो तसा नसतो. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांच्या यादीत, तुमचं मॅटर चौदाव्या नंबरवर आहे. साडेअकराला पुकारा होईल म्हणावं तर सहाव्या नंबरला साक्षीदार उभा राहतो आणि उलटतपासणी लांबते. चहाला खाली गेलात आणि नेमकं मॅटर पुकारलं तर पक्षकारासमोर शोभा. म्हणून ज्युनिअर मागच्या बाकावर बसून राहतो. पाणी नाही, खाणं नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडेपर्यंत सीनिअरचा फोन येतो, दुसऱ्या मजल्यावर जा, तारीख घे. संध्याकाळी ऑफिस, तिथे पक्षकार आठ-नऊपर्यंत. उद्याचं ड्राफ्टिंग त्यानंतर.

टाइप वन डायबेटीसवाल्याला यात युक्तिवाद अवघड नाही, अवघड आहे तो बाकावरचा अडीच तासांचा ताटकळा. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हा नियम पाठ असतो. पण ग्लुकोज बॅगेत आणि बॅग बार रूममध्ये, हे नेहमीचं. गोळ्या कोटाच्या खिशात हव्यात. सीनिअरला आणि शेजारच्या एका सहकाऱ्याला माहीत असायला हवं की बोलणं तुटक झालं, घाम फुटला, तर काय द्यायचं.

फिट्सवाल्याचा वैरी कोर्ट नाही, जागरण आणि चुकलेली गोळी. कॉलेजात ते मूटच्या आदल्या रात्री होतं: मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, सकाळपर्यंत द्यायचं म्हणून सगळी टीम जागते. टीम निवडतानाच सांगा, मी रात्री अकरानंतर नाही, संशोधन दहा दिवस आधी पुरं करून देतो. ज्यांना ते चालत नाही त्यांच्या टीममध्ये जाऊ नका. शिवाय वकील दुचाकीवर दोन-दोन कोर्टं करतात, आणि वाहन परवान्याच्या फॉर्म १ मध्ये अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपणं याबद्दल थेट प्रश्न असतो. तिथे खोटं लिहू नका. कोर्टाजवळ किंवा रेल्वे-बसच्या वाटेवर ऑफिस असलेला सीनिअर शोधा.

मायग्रेनवाल्यांना वेगळाच सापळा. महत्त्वाची तारीख म्हणून सकाळीच पेनकिलर, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस आणि ट्रिप्टान (मायग्रेनच्या खास गोळ्या) १० किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं की गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. गोळीचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजा आणि ते पान डॉक्टरांना दाखवा. उन्हाळ्यासाठी एक माहिती: सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतर कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. हे माहीत नसल्यानं एप्रिलच्या उकाड्यात पुष्कळ ज्युनिअर उगाच घामाघूम होतात.

हे वाचून कोर्ट नको वाटलं तरी लॉ सोडायचं कारण नाही. करार तपासणं, कंपनीचं कंप्लायन्स (कायदे-नियमांची पूर्तता), मालमत्तेचा टायटल सर्च (मालकी हक्काची तपासणी), कायदेशीर अनुवाद, विधी सेवा, यांच्या वेळा बऱ्याच सरळ असतात. न्यायाधीश व्हायचं असेल तर २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाला आधी तीन वर्षांची वकिली लागते. म्हणजे वरची धावपळ तीन वर्षं टळत नाही. लष्कराच्या जॅग, म्हणजे कायदाविषयक, शाखेची वैद्यकीय चाचणी कडक असते. फिट्स असतील तर तो रस्ता मनातून काढा. आणि घरच्यांसाठी एक गंमत: बँकांमध्ये लॉ ऑफिसर हे पद असतं, त्याला एल.एल.बी. आणि सनद दोन्ही लागतं.

राहिला पैशाचा भाग, आणि तो कुणी विचारतच नाही. कोर्टातल्या ज्युनिअरला पगारी नोकराचं संरक्षण नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलंय. नुसतं सुचवलंय. नोकरीत ग्रुप मेडिक्लेम मिळतो आणि तो बहुधा जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरतो; वकिलीत तो नाही. स्वतःच्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. तीन वर्षांच्या लॉच्या पहिल्या वर्षी पॉलिसी घेतलीत तर सनद हातात येईपर्यंत तो बहुतेक संपतो. सनद मिळाल्यावर घेतलीत तर अगदी कमाई नसलेली वर्षं उघडी पडतात. आई-वडिलांच्या पॉलिसीत मुलांना किती वयापर्यंत धरतात तेही बघा, पुष्कळदा ते २५ असतं. प्रपोजल फॉर्मवर आजार लपवू नका, एजंट "कशाला लिहिता" म्हणाला तरी. क्लेम नाकारला जातो तो तुमचा, त्याचा नाही. मानसिक आजारांना इतर आजारांसारखंच विमा संरक्षण द्यायचं, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. आणि रात्री अगदीच सुचेनासं झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

फॉर्म भरण्याआधी एक करा. मोजके मामले सोडले तर न्यायालयं सगळ्यांना खुली असतात, आत बसायला कुणाची परवानगी लागत नाही. जवळच्या जिल्हा न्यायालयात सलग पाच दिवस जा, साडेदहा ते साडेपाच. मोबाईल बंद, मागचा बाक. वहीत रोज चारच नोंदी: पाणी कधी प्यायलो, जेवलो किती वाजता, गोळी वेळेवर झाली का, संध्याकाळी घरी पोचल्यावर काय उरलं होतं. पाचव्या दिवसानंतर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि "लॉ करू का" असं न विचारता "हा दिवस रोज काढायचा झाला तर औषधांत काय बदलावं लागेल" असं विचारा.