साडेसव्वीस इंचांचे टेबल

घरातून काम करण्यासाठी टेबल करायचे असेल, तर आधी बसणाऱ्याच्या कोपराची उंची मोजावी आणि मगच लाकूड बघायला वखारीत जावे. बाजारातली बहुतेक टेबले २९ ते ३० इंच उंचीची असतात. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे. पाय जमिनीवर सपाट टेकवून आणि खांदे सैल सोडून खुर्चीत बसलो, की माझे कोपर जमिनीपासून साडेसव्वीस इंचांवर येते. उरलेल्या तीन इंचांसाठी दिवसभर खांदे उचलून टाईप करावे लागते, आणि संध्याकाळी मान धरते ती त्यामुळेच. खुर्ची वर घ्यावी तर पाय लोंबकळतात, म्हणजे पायाखाली पाट आला. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढ्यांवर दिवाणजी गादीवर मांडी घालून ज्या उतरत्या डेस्कावर खतावणी लिहीत, ते डेस्क बसणाऱ्याच्या मांडीच्या मानानेच केलेले असे. खुर्ची-टेबल आले आणि हे माप आपण दुकानदारावर सोपवून मोकळे झालो.

उंची साडेसव्वीसवर ठरवली, की पुढच्या कितीतरी गोष्टी आपोआप ठरत जातात. बसल्यावर माझ्या मांडीची वरची बाजू जमिनीपासून बावीस इंचांवर येते. एक इंच जाडीच्या फळीखाली पाय जोडणारी नेहमीसारखी चार इंचांची उभी पट्टी आणि शिवाय खण बसवायचा म्हटले, तर गुडघा आत जाणारच नाही. म्हणून खणाचा हट्ट सोडला आणि पुढची पट्टी सहा इंच आत घेऊन आडवी निजवली. तीन इंच रुंद आणि सव्वा इंच जाड पट्टी उभी बसवली, तर ती आडवीपेक्षा वाकायला जवळजवळ सहापट कठीण असते. एवढे बळ पुढे सोडून द्यायचे, तर ते मागे भरून काढणे आले. त्यासाठी मागची पट्टी पाच इंचांची उभी ठेवली. वरची फळी पाच फूट लांब आणि २७ इंच रुंद आहे. संगणकाचा पडदा डोळ्यांपासून साधारण हातभर लांब ठेवायचा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवायची, तर दोन फुटांच्या रुंदीत फार ओढाताण होते.

लाकूड जुने सागवान घेतले. पेठांमधले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळ्या आणि तुळया वखारीत येतात, आणि थोडे शोधले तर आठ-नऊ इंच रुंदीच्या सरळ रेषांच्या फळ्या मिळतात. प्लायवूडला मी नावे ठेवत नाही. आय.एस. ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लायवूड पाण्याला चांगले टिकते, शिवाय ते सागवानासारखे ऋतूप्रमाणे फुगत-आकसत नाही. माझा राग आहे तो भुसा दाबून केलेल्या बोर्डावर. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात शाहूपुरी आणि व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी आले होते. पाणी ओसरल्यावर त्या बोर्डाची कपाटे आणि टेबले फुगून, कडा उकलून रस्त्याकडेला ढिगाने पडलेली ज्यांनी पाहिली, त्यांना वेगळे सांगायला नको. सागवानी पाट आणि पलंग तेवढे धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा वापरात आले.

जुन्या फळीत लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे मोडून आत राहिलेले असतात. लाकूड तासायच्या रंध्याचे पाते एका खिळ्यावर गेले तरी धारेला खाच पडते, त्यामुळे फळीवर आधी लोहचुंबक फिरवायचे आणि जिथे लाकूड काळपट दिसते तिथे पटाशीने उकरून बघायचे. वरचा काळा थर रंध्याखाली निघाला, की आतून मधासारखा रंग आणि सागाचा तो कातडीसारखा तेलकट वास येतो. पांढरे लाकूड कडेला राहिले असेल तर ते कापून टाकावे. कीड लागते ती तिथे.

आता या सगळ्या कामातला नाजूक भाग. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलते, म्हणजे ओलाव्याने फुगते आणि सुकले की आकसते. कोल्हापुरात एप्रिलच्या कोरड्या दुपारी आणि जुलैच्या झडीत लाकडातल्या ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक धरला, तरी २७ इंच रुंदीची सागवानी फळी चार-पाच मिलिमीटर पुढे-मागे होऊ शकते. तिला चारही बाजूंनी स्क्रूने आवळले, तर ती एक तर मधून तडकेल किंवा चौकट ओढून सांधे सैल करेल. आमचे मिस्त्री हे फार थोडक्यात सांगतात, "साहेब, सागवान झालं म्हणून काय, पावसाळ्यात ते फुगणारच. त्याला वाट ठेवा." ती वाट अशी ठेवली. मागच्या पट्टीला फळी स्क्रूने पक्की केली. बाकी तिन्ही पट्ट्यांना आतल्या बाजूने खाच मारून त्यात जीभ काढलेले लाकडी गुटके बसवले आणि गुटके फळीला खालून स्क्रूने धरले. जीभ खाचेत सरकते, फळी वर उचलली जात नाही आणि तिची सगळी हालचाल पुढच्या कडेकडे जाते. पुढच्या पट्टीच्या खाचेत जिभेपुढे पाव इंच मोकळी जागा राखली आहे. गुटक्यांना फेविकॉलचा थेंबही लावायचा नाही. फेविकॉल लागतो तो फळ्यांच्या कडा एकमेकींना जोडताना, आणि त्या कडा रंध्याने इतक्या सरळ झाल्या पाहिजेत की शिकंजे आवळण्याआधी दोन फळ्यांमधून उजेड दिसू नये.

पाय जुन्या तुळईतून सव्वादोन इंच चौरस काढले. पायात खाच आणि पट्टीला जाडीच्या एक तृतीयांश कुसू, म्हणजे त्या खाचेत बसणारी जीभ, हा जुनाच सांधा वापरला. त्याला खिळा लागत नाही. मल्टिप्लग मागच्या पट्टीला आतून टांगला, तो तीन पिनांचा आणि अर्थिंगच्या सॉकेटमधूनच घेतला, आणि वायरींसाठी फळीला दोन इंचांचे भोक तेल लावण्याआधी पाडून घेतले, म्हणजे भोकाच्या आतल्या कडेलाही तेल बसते.

लाखेचे पॉलिश दिसायला देखणे असते, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते आणि पावसाळ्यात लावले तर ते दुधाळ पडते. मी उकळलेले जवसाचे तेल निम्मे टर्पेंटाइन मिसळून लावले. हात पातळ, प्रत्येक हातानंतर वरचे तेल पुसून घेतलेले आणि मध्ये पुरता वाळायला वेळ दिलेला. पुढे दिवाळीच्या साफसफाईत एक हात फिरवला की पुरते. मात्र तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि तापते, आणि ढिगात ती उष्णता कोंडली तर काडी न लावता पेट घेते. चिंध्या अंगणात एकेक करून पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात.