हौदा भरला म्हणजे गाडी भरली असं नसतं

पिकअपचं भाडं ठरवताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो "किती बसेल?" आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते, कारण बसतं किती आणि पेलतं किती या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. निफाड, पिंपळगाव, चांदवड या पट्ट्यात आमचं सगळं मालावर चालतं, कांदा टोमॅटो द्राक्षं, मधल्या दिवसांत सिमेंट वाळू सळई, उन्हाळ्यात पाण्याची टाकी. हौदा म्हणजे मागचा माल भरायचा भाग तोच, ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद, पण आत काय टाकलं त्यावर गाडीचा सगळा स्वभाव बदलतो.

वाळूचंच घ्या. ९ बाय साडेपाचच्या हौद्यात फक्त १ फूट उंच वाळू पसरली की ती साधारण ५० घनफूट म्हणजे अर्धा ब्रास होते. लांबून बघितलं तर हौदा रिकामाच वाटतो, फाळक्याच्या, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या दाराच्या, वर काही दिसत पण नाही. पण एक ब्रास कोरडी वाळू साडेचार टनाच्या आसपास जाते म्हणजे या एक फुटाच्या थराचं वजन झालं सव्वादोन टन, आणि वाळू ओली असेल तर त्याहून जास्त. सिमेंटच्या ३० गोण्या म्हणजे दीड टन, त्या तर हौद्याच्या तळालाच संपतात. उलट कडब्याच्या पेंढ्या केबिनच्या वर जाईपर्यंत रचा, लोक बघून म्हणतील केवढी भरलीय, पण गाडीला त्याचं ओझं नसतं, तिथे काळजी वाऱ्याची आणि उंचीची. म्हणून डोळ्याने वजन ठरवणारा माणूस कितीही जुना असला तरी त्याच्यावर विसंबू नका, भुईकाट्यावर घ्या. काट्याची पावती काही शे रुपयांच्या आत होते आणि नंतरची सगळी हुज्जत वाचते.

आता पेलतं किती ते कुठे बघायचं तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर. त्यावर गाडीचं रिकामं वजन आणि ग्रॉस म्हणजे मालासकट जास्तीत जास्त वजन दोन्ही लिहिलेलं असतं, ग्रॉसमधून रिकामं वजा केलं की उरतं ते तुमचं. बाजारात १.३ टन, १.५ टन, १.७ टन अशा गाड्या आहेत, आता २ टनवाल्या पण आल्यात, पण शोरूममध्ये सांगितलेला आकडा पूर्णच्या पूर्ण मालाचा समजू नका. नंतर बसवलेली लोखंडी जाळी, केबिनवरचं कॅरिअर, पेटी, शेजारी बसलेले दोन हमाल, हे सगळं त्याच्यातूनच जातं. दोन हमाल आणि जाळी धरली तरी अडीचशे तीनशे किलो सहज, म्हणजे कांद्याच्या पाच सहा गोण्या. हा हिशोब कोणी करत नाही आणि मग काट्यावर आकडा बघून दचकतात.

दंडाचं पण सांगून ठेवतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार लिहिलेत, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा खर्च तुमचा. टोमॅटो असेल तर उतरवून ठेवणार कुठे, ऊन लागून मालाची वाट लागते आणि शेतकऱ्याचा लिलाव जातो.

पण मला दंडापेक्षा वजन ठेवायचं कुठे यावर जास्त बोलायचंय, कारण वजनात बसलेला माल पण चुकीच्या जागी ठेवला तर गाडी धोक्याची होते. पिकअपचा मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांना जोडणारा दांडा, हौद्याच्या मध्यापासून थोडा मागे असतो. म्हणून माल सगळीकडे सारखा पसरला तर त्याचा भार आपोआप ॲक्सलच्या किंचित पुढे येतो आणि थोडं वजन पुढच्या चाकांवर पण जातं, गाडी बनवणाऱ्यांनी तेच धरलेलं असतं. हमालांना मात्र फाळक्याजवळ टाकणं सोपं, पुढे केबिनच्या भिंतीपर्यंत कोण वाहणार, मग जड गोण्या सगळ्या मागे जमतात आणि गाडी मागून बसते पुढून उचलते. चालवायला बसलं की लगेच कळतं, स्टेअरिंग एकदम हलकं लागतं, वळणावर हात फिरवला तरी गाडी जरा उशिरा ऐकते, आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या थेट डोळ्यात. पुढच्या चाकांवर वजनच नाही तर ती वळणार कशाने आणि थांबणार कशाने? म्हणून भरताना पहिली ओळ केबिनच्या भिंतीला टेकवूनच लावायची, त्याने ब्रेक मारल्यावर माल पुढे सरकायला जागा पण राहत नाही.

सळईत हे सगळ्यात जास्त दिसतं. सळई १२ मीटरची येते, मधे वाकवली तरी ६ मीटर म्हणजे जवळपास २० फूट. हौदा ९ फुटाचा. आता ती जुडी केबिनच्या भिंतीला टेकवून आडवी टाकली तर जुडीचा मध्य येतो १० फुटावर, म्हणजे फाळक्याच्या पण बाहेर! सगळ्या जुडीचं वजन हौद्याच्या बाहेर लटकल्यासारखं होतं, १२ एमएमच्या १०० सळया म्हणजे एक टनाच्या वर, आकड्यात गाडीला झेपणारं वजन पण पुढची चाकं जमिनीला धड टेकत नाहीत. आणि मागे बाहेर आलेल्या टोकांचं तर बोलायलाच नको, अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते टोक दिसतच नाही, लाल फडकं बांधलं म्हणून सुटका होत नाही, कायद्याने ते चालत नाही आणि चालूच नये. सळई हवी असेल तर दुकानातूनच कापून घ्या किंवा लांब हौद्याची गाडी लावा, शंभर दोनशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्या.

मागच्या स्प्रिंगला जास्तीचे पाटे बसवणं हा आमच्याकडचा अजून एक आवडता उपाय. गाडी बसायला लागली की लोक गॅरेजला जाऊन एक दोन पाटे वाढवून आणतात आणि गाडी सरळ उभी दिसली की खूश, आता दोन अडीच टन काहीही टाका म्हणतात. अरे पण पाट्याने फक्त गाडी वर उचलली, ब्रेक तेच, टायर तेच, बेअरिंग तेच, चासी तीच. आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहितीये. बऱ्याच पिकअपना मागे एलएसपीव्ही नावाचा व्हॉल्व असतो, चासीला बसवलेला आणि एका दांडीने ॲक्सलला जोडलेला. गाडी मालाने खाली बसली की दांडी हलते आणि व्हॉल्व मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो, गाडी रिकामी असली की कमी सोडतो म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी फिरू नये. तुम्ही पाटे वाढवले की माल भरूनही गाडी खाली बसत नाही, व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि नेमका जड मालात मागचा ब्रेक कमी लागतो. सगळा भार पुढच्या डिस्कवर. पाटे वाढवायचेच असतील तर त्या दांडीची सेटिंग जाणकार माणसाकडून बघून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. भरल्यावर मागच्या चाकाशी वाकून ॲक्सल आणि वरच्या रबरी ठोकळ्यामधली फट बघायची सवय लावा, चार बोटं आडवी जात नसतील तर पहिल्याच खड्ड्यात लोखंड लोखंडावर आदळणार.

घाटात तर हे सगळं एकदम वसूल होतं. मुंबईकडे वाशीच्या बाजाराला माल न्यायचा म्हणजे कसारा घाट उतरायचा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ ला सुरू झाल्यापासून जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यातून निघता येतं, टोल लागतो पण तिकडे उतार फार सोपा आहे, तरी बरेच जण अजून जुन्या घाटानेच जातात. उतरताना नियम एकच, ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, आणि गिअर उताराच्या आधी टाका, मधे नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून सोडणारे बघितले की जीव खाली वर होतो. वजन दुप्पट झालं की थांबवायची ताकद दुप्पट लागते पण वेग दुप्पट झाला की चौपट लागते, आणि ही सगळी ताकद शेवटी ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. पाय सतत पेडलवर ठेवला तर ब्रेकचा ड्रम तापतो, जळका वास येतो, मग पेडल दाबलं तरी गाडी पहिल्यासारखी धरत नाही. वास आला की पुढे रेटू नका, मोकळी जागा बघून बाजूला घ्या, चाकाला दगड लावा आणि थंड होऊ द्या, वरून पाणी ओतू नका, तापलेलं बीड लोखंड तडकतं.

पाण्याच्या टाकीचं तर वेगळंच. १००० लिटर म्हणजे बरोबर १ टन, हा हिशोब सोपा, पण अर्धी टाकी पूर्ण टाकीपेक्षा जास्त त्रास देते. आतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं, ब्रेक मारला की पुढे आदळतं आणि गाडी थांबल्यावर परत ढकलतं. न्यायची तर गळ्यापर्यंत भरून गाडीला झेपेल एवढीच टाकी घ्या, मोठी टाकी अर्धी भरून नको.

दोरीबद्दल थोडंच. टोमॅटोची २० किलोची क्रेटं एकात एक बसतात म्हणून लोक निर्धास्त असतात, पण वरच्या दोन थरांना काही धरत नाही. दोरी आडवी उभी दोन्हीकडून घ्या आणि दहा पंधरा किलोमीटरवर थांबून परत ओढा, तोपर्यंत माल दबलेला असतो आणि पहिली गाठ ढिली झालेली असते.

आणि शेवटचं म्हणजे हौद्यात माणसं. ऑगस्ट २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात श्रावणी सोमवारी कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप घाटाच्या चढावर मागे येऊन खाली गेली, एका गावातल्या कितीतरी घरातल्या बायका एकदम गेल्या. ३५-४० माणसं म्हणजे दोन टन वजन, तेही उभं राहिलेलं, उंचावरचं आणि सतत हलणारं, चढावर सगळी मागे झुकणार, त्यांना बांधायला दोरी नाही आणि धरायला काही नाही. कांदा पडला तर कांदा जातो. लग्नाचं वऱ्हाड, जत्रा, शेतमजूर, सगळीकडे हेच चाललंय आणि "जवळच तर जायचंय" म्हणून चाललंय. आमच्याकडे यासाठी गाडी मागायला कोणी आलं तर आम्ही सरळ नाही म्हणतो, नात्यातला असला तरी. वाईट वाटतं, एक दोन जण महिनाभर बोलत नाहीत. गावातल्या मिनीबसवाल्याचा नंबर देतो, त्याचं भाडं माणशी वाटून घेतलं तर फार होत नाही, आणि स्वयंपाकाची भांडी, मंडपाचं सामान असेल तर ते आमच्या हौद्यातून आणून देतो, त्याला कधी नाही म्हटलेलं नाही.